कुत्र्याच्या पंजाचं हाड मोडलंय, स्प्लिंट पुरेल की ऑपरेशन लागेल?

यावेळी आलेल्या पत्रांत कुत्र्यांच्या मोडलेल्या पायांचीच पत्रं जास्त आहेत, त्यातही पंजाची, म्हणून लसीकरण आणि गोचिडांचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. ज्यांची पत्रं एकसारखी होती त्यांचं एकच उत्तर दिलंय, रागावू नका.

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, आमचा ब्रुनो दोन वर्षांचा इंडी (देशी) आहे, वजन १६ किलो. सोसायटीच्या गेटमध्ये स्कूटरचं चाक त्याच्या पुढच्या उजव्या पंजावरून गेलं. एक्स-रेमध्ये बाहेरच्या बाजूची दोन हाडं मोडलेली दिसली, डॉक्टरांनी स्प्लिंट (पाय हलू नये म्हणून आधाराची कडक पट्टी) घालून बँडेज बांधून दिलंय. आता शेजारचे काका म्हणतात प्लेट टाकल्याशिवाय हाड जुळत नाही, त्यांच्या शेफर्डला टाकली होती. बहीण म्हणते कुत्र्यांची हाडं आपोआप जुळतात, एवढं बांधायचीही गरज नव्हती. आम्ही कोणाचं ऐकायचं? आणि किती दिवस लागतील?
(एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर: तुमच्या डॉक्टरांचं ऐका, त्यांनी बरोबर केलंय. का ते सांगते म्हणजे काकांनाही सांगता येईल. पुढच्या पंजात आपल्या तळहाताच्या जागी चार लांब हाडं शेजारी शेजारी असतात, त्यांना मेटाकार्पल म्हणतात (पाचवं एक अगदी छोटं, आतल्या बाजूला वर असलेल्या अंगठ्याचं, त्यावर वजन येत नाही). मागच्या पंजात तशीच चार, ती मेटाटार्सल. आतल्या बाजूकडून मोजलं तर २, ३, ४ आणि ५ नंबर, आणि यातली मधली दोन म्हणजे ३ आणि ४ सगळ्यात जास्त भार उचलतात. कुत्रा उभा असताना त्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, त्यामुळे पुढचा पंजा मोडला की लंगडणं जास्त दिसतं.

आता ब्रुनोचं बघा, बाहेरची दोन म्हणजे ४ आणि ५ गेलीत पण ३ नंबर शाबूत आहे आणि २ पण, आणि ही शाबूत हाडं मोडलेल्यांना बाजूने धरून ठेवतात. म्हणून एक-दोन हाडं मोडली असतील, मधल्यांपैकी किमान एक चांगलं असेल आणि तुकडे फार सरकलेले नसतील तर स्प्लिंटवर छान जुळतं. ऑपरेशनचा विचार कधी करायचा, तर मधली दोन्ही गेली असतील, चारही गेली असतील, तुकडे एकमेकांपासून बरेच दूर गेले असतील, मोड सांध्यात गेला असेल, किंवा हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल. २ आणि ५ नंबरच्या हाडांचं अगदी वरचं टोक मोडलं असेल तरी जपावं लागतं, कारण तिथे लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे) चिकटलेले असतात, ते टोक ओढलं जातं आणि मनगट एका बाजूला झुकतं. मोठ्या वजनाचा किंवा पोलिसात वगैरे काम करणारा कुत्रा असेल तर सर्जन ऑपरेशनकडे लवकर वळतात, काकांच्या शेफर्डचं कदाचित त्यामुळेच झालं असेल. आणि हेही सांगते की यावर डॉक्टरांमध्येसुद्धा दोन मतं आहेत, चारही हाडं मोडून फक्त स्प्लिंटवर नीट चालायला लागलेले कुत्रे आहेत, त्यामुळे ज्यांना ऑपरेशन परवडत नाही त्यांनी लगेच हाय खाऊ नये, पण मग घरची काळजी दुप्पट घ्यावी लागते.

बहिणीचं अर्धं बरोबर आहे. हाड स्वतःच जुळतं, प्लेट किंवा स्प्लिंट काही हाड जोडत नाही, ते फक्त हाडाला जागेवर धरून ठेवतात. मोडल्या जागी आधी रक्त साकळतं, मग तिथे मऊ, कूर्चेसारखा जोड तयार होतो, मग त्यात कॅल्शियम बसून तो कडक होतो आणि मग कित्येक महिने त्याला आकार येत राहतो. तो मऊ जोड तयार होत असताना पाय सारखा हलला तर जोड तुटत राहतो आणि मग एकतर हाड वाकडं जुळतं किंवा जुळतच नाही. म्हणजे बांधायची गरज होतीच.

किती दिवस, ते वयावर आहे. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू दोन-तीन आठवड्यांत जोडून मोकळं होतं, सहा महिन्यांपर्यंतच्याला चार ते सहा आठवडे, वर्षाच्या आतल्याला पाच ते आठ आणि त्यापुढच्या कुत्र्याला सात ते बारा आठवडे धरा. ब्रुनो दोन वर्षांचा आहे म्हणजे दोन महिने तरी धरूनच चाला. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे होईल, आणि तिसऱ्या आठवड्यातच तो पाय टेकून पळायला बघेल कारण दुखणं थांबलेलं असतं, पण दुखणं थांबणं म्हणजे हाड जुळणं नाही, स्प्लिंट कधी काढायचं ते एक्स-रे ठरवतो.

प्रश्न: मॅडम, आमच्या गोट्याला (लॅब्रा, ८ महिने) मागच्या पायाला बँडेज आहे, पंजाची दोन हाडं मोडलीत. इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही, अंगण चिखलाचं, त्याला शू-शी साठी बाहेर न्यावंच लागतं. बँडेज दोनदा भिजलं, आम्ही हेअर ड्रायरने वाळवलं. आता थोडा वास येतोय आणि तो सारखा चावतोय. पुढची तारीख पाच दिवसांनी आहे, तोपर्यंत चालेल का?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर: नाही चालणार, हा अंक हातात पडेल त्याच दिवशी घेऊन जा, खरं तर अंकाची वाट बघायची नको म्हणून पत्र मिळताच तुम्हाला फोन करून हेच सांगितलंय, इथे बाकीच्यांसाठी छापतोय.

माझ्या अनुभवात पंजाच्या फ्रॅक्चरमध्ये हाडापेक्षा बँडेजखालच्या जखमांनी जास्त कुत्रे हैराण होतात. बँडेज आतून ओलं राहिलं की बोटांमधली कातडी पांढरी पडते, फुगते, सोलते, मग जंतू वाढतात आणि आपल्याकडे पावसाळ्यात माशी बसली की दोन-तीन दिवसांत अळ्या पडतात, आणि हे सगळं बँडेजच्या आत चालू असतं म्हणून दिसत नाही. ड्रायरने वरचा थर वाळतो, आतला कापूस ओलाच राहतो, शिवाय गरम हवेने कातडी भाजू शकते. त्यामुळे भिजलं की बदलायचं, तारखेची वाट बघायची नाही. वास येणं, कुत्र्याने अचानक चावायला सुरुवात करणं, बँडेजवर डाग उमटणं, आधी पाय टेकत होता आणि आता टेकेनासा झाला, जेवण सोडलं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं. चावणाऱ्या कुत्र्याला आपण रागावतो पण बऱ्याचदा तो बिचारा आत काहीतरी बिघडलंय हेच सांगत असतो.

पंजाच्या बँडेजमध्ये मधल्या दोन बोटांची टोकं मुद्दाम उघडी ठेवतात, ती कशासाठी ते सगळ्यांना माहीत नसतं. रोज सकाळ-संध्याकाळ ती बघायची. दोन नखं एकमेकांच्या जवळ असतात तशीच आहेत ना, की बोटं सुजून नखं फाकलीत? हात लावून बघा, गार लागतात का, निळसर दिसतात का? फाकली किंवा गार पडली म्हणजे बँडेज घट्ट झालंय, रक्त पोचत नाहीये, मग रात्र असली तरी कोणालातरी गाठा, आणि डॉक्टर मिळतच नसतील तर फोनवर त्यांना विचारून वरचा थर कात्रीने सैल करा. पहिल्या एक-दोन दिवसांत सूज वाढते म्हणून तेव्हा जास्त लक्ष द्यायचं. त्यानंतर आठवड्यातून एकदा बदलणं ठरलेलं, आणि गोट्यासारखं वाढतं पिल्लू असेल तर त्याहून लवकर, कारण पाय वाढतो आणि बँडेज तेवढंच राहतं.

पावसात बाहेर नेताना रिकामी सलाइनची पिशवी कापून मोज्यासारखी चढवा, डॉक्टरांकडे मागितली तर देतात, जाड असते, फाटत नाही. घरात आल्या आल्या काढायची मात्र, ती तशीच ठेवली तर आत घाम धरतो आणि पुन्हा तेच. शक्य असेल तर पडवीत किंवा गोठ्याच्या कोरड्या कोपऱ्यात वाळू टाकून तिथेच शू-शीची सवय लावा. आणि बँडेज चावता येऊ नये म्हणून गळ्यात कोन (नरसाळ्यासारखी कॉलर) घाला, तो घालून कुत्रा केविलवाणा दिसतो म्हणून लोक काढून टाकतात, नका काढू, बघणाऱ्याच्या मनाला लागतं पण कुत्र्याला दोन दिवसांत सवय होते, कोन घालूनच जेवतो आणि झोपतो.

प्रश्न: आमच्या शेतावरच्या वाघ्याच्या पंजावर बैलाने पाय दिला. गावातल्या हाडवैद्यांनी बांबूच्या कामट्या लावून कापडाने घट्ट बांधलंय, वरून लेप लावलाय, रोज तेलाने चोळायला सांगितलंय. माणसांना त्यांचा गुण येतो, आमच्या वडिलांचा हात त्यांनीच बसवला. दुखतंय म्हणून मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणून अर्धी देतो. जनावरांचा दवाखाना वीस किलोमीटरवर आहे. बरोबर चाललंय का?
(एक शेतकरी वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर: दादा, आधी गोळी बंद करा. कुठली ते तुम्ही लिहिलं नाही पण मेडिकलमध्ये अंगदुखीला मिळतात त्यातल्या बहुतेक कुत्र्याला घातक. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने पोटात अल्सर होतात, रक्ताची उलटी होते, किडनी जाते, पॅरासिटामॉल जास्त झालं तर लिव्हर आणि रक्तावर परिणाम होतो, आणि मांजराला तर थोडंसं पॅरासिटामॉलही जीवघेणं. (डायक्लोफेनॅक जनावरांना द्यायला आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे, ती गिधाडांमुळे, ते औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं संपत आली.) कुत्र्यांना मेलॉक्सिकॅम देतात, पण तेही कसं ते बघा, १० किलोच्या कुत्र्याला सुरुवातीच्या डोसनंतर रोजचा डोस साधारण १ मिलिग्रॅम, आणि माणसांची गोळी येते ७.५ किंवा १५ ची. अर्धी जरी दिली तरी तिप्पट-चौपट किंवा त्याहून जास्त गेली. शी डांबरासारखी काळी होत असेल, उलट्या असतील, जेवत नसेल तर हे उत्तर वाचून थांबू नका, सरळ निघा.

आता कामट्यांचं. हाडवैद्यांच्या हाताला माणसाच्या हाडाची जाण असेल, मी नाही म्हणत नाही, पण कुत्र्याचा पंजा वेगळा. त्यात मांस जवळजवळ नाहीच, कातडीच्या खाली लगेच हाड, शिरा आणि स्नायूबंध, त्यामुळे कापूस न घालता कामटी लावून घट्ट आवळलं की दाब सरळ शिरांवर येतो. असे पाय माझ्याकडे आलेत, कापड सोडलं तर खालचा पंजा काळा, थंड, वाळलेला, आणि मग पाय वरून कापण्याशिवाय काही उरत नाही, हाड मात्र एवढंसंच मोडलेलं असतं. शिवाय माणूस सांगतो की दुखतंय, मुंग्या येतायत, कुत्रा सांगू शकत नाही. आणि चोळणं तर अजिबात नको, मोडलेली टोकं एकमेकांवर घासतात आणि नुकताच धरत आलेला जोड तुटतो.

आज बोटं बघा, गरम आणि गुलाबी आहेत का, चिमटा काढला तर पाय मागे घेतो का. नसेल घेत तर आजच वीस किलोमीटर जावंच लागेल. गरम असतील तरी एक-दोन दिवसांत एक्स-रे काढून घ्या, दोन बाजूंनी, एकाच बाजूने काढला तर एकामागे एक हाडं येतात आणि मोड लपतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे नसेल तर तुमच्या जिल्ह्यातच उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पलीकडे परभणीलाही आहे. कॉलेजच्या दवाखान्यात खर्चही खाजगीच्या मानाने खूप कमी येतो. नेताना पाय धरून उचलू नका, पोत्यावर किंवा घोंगडीवर आडवं निजवून न्या.

प्रश्न: हाड लवकर जुळावं म्हणून पिल्लाला कॅल्शियमचं सिरप चालू केलंय, दोन वेळा, शिवाय पाया सूप. अजून काय देऊ?
(नाशिक, आणि अशीच अजून बरीच पत्रं)

उत्तर: सिरप डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसेल तर थांबवा. जास्त कॅल्शियमने हाड लवकर जुळत नाही, उलट लॅब, शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातीच्या पिल्लांमध्ये हाडांची वाढ बिघडते. पिल्लांच्या चांगल्या पॅकबंद फूडमध्ये हिशोब केलेला असतो, त्यावर काही घालायला लागत नाही. पाया सूप बिनमसाल्याचं, कांदा-लसूण नसलेलं थोडं दिलं तर आवडीने पिईल, पण त्यात कॅल्शियम फारसं उतरत नाही, आणि उकडलेलं हाड मात्र देऊ नका.

खरी अडचण उलट बाजूला असते. घरात नुसता चिकन-भात किंवा नुसती कलेजी खाऊन वाढलेलं पिल्लू असेल तर त्याच्या अन्नात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, मग शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडातून काढून घेतं, हाडं कागदासारखी पातळ होतात आणि दिवाणावरून उडी मारली तरी मोडतात. दूध-पोळीवर वाढवलेल्या पिल्लांचंही पोषण अपुरंच असतं. साध्या उडीने हाड मोडलं असेल तर डॉक्टरांना काय खायला घालता ते सगळं खरं खरं सांगा, तिथे आहार बदलल्याशिवाय नुसतं बांधून उपयोग नाही.

प्रश्न: आमच्या गल्लीतल्या काळूला गाडीने उडवलं, मागचा पंजा लोंबकळतोय. आम्ही चार-पाच जण त्याला खायला घालतो पण जवळ गेलं की गुरगुरतो. कुठे न्यायचं, कसं धरायचं, आणि बरा झाल्यावर त्याला परत इथे आणता येईल का? काही लोक म्हणतात लांब सोडून द्या.
(डोंबिवली)

उत्तर: तो गुरगुरतोय ते दुखतंय म्हणून, तुमच्यावर राग नाही, पण चावेल हे धरूनच जा. मऊ ओढणी किंवा बँडेजची पट्टी घेऊन तोंडाभोवती एक वेढा, हनुवटीखाली दुसरा आणि टोकं कानामागे बांधायची. मात्र तो उलटी करत असेल, श्वास जोरात चालू असेल किंवा बुलडॉगसारखं चपटं नाक असेल तर तोंड बांधू नका. जमत नसेल तर जाड चादर टाकून गुंडाळा आणि मोठ्या खोक्यात घाला. कोणाला दात किंवा लाळ लागलीच तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, काळूला लस दिलेली असली तरी.

मुंबईकडे यायचं तर परळला प्राण्यांचं जुनं हॉस्पिटल आहे, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट, सगळे त्याला बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात, टॅक्सीवाल्याला तेवढं सांगितलं तरी पोचाल. १८८६ पासूनचं मुंबईचं व्हेटर्नरी कॉलेजही तिथेच आहे. निघताना आधी फोन करा, कल्याण-ठाण्याकडच्या एखाद्या संस्थेची अँब्युलन्स मिळते का तेही विचारा. रस्त्यावरच्या कुत्र्याला दोन महिने रोज बघायला माणूस नसेल तर नुसतं बँडेज बांधून सोडणं धोक्याचं, म्हणून तुम्ही चार-पाच जणांनी आधीच वाटून घ्या, कोणाच्या गॅरेजमध्ये किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात तो राहणार, बदलायला कोण नेणार, औषध कोण देणार. पंजा फारच चिरडला असेल आणि डॉक्टर पाय काढायचं म्हणाले तर घाबरू नका, तीन पायांवर कुत्री खरोखर छान जगतात, कुजत चाललेला पाय वाचवायच्या नादात जीव जातो.

परत तिथेच आणायचं, नक्की. २०२३ च्या अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं, लांब सोडणं नियमात बसत नाही, आणि तिथल्या अनोळखी कुत्र्यांमध्ये लंगडा काळू टिकणारही नाही. ऑपरेशनला भूल देणारच असतील तर नसबंदी आणि लसीचंही तेव्हाच विचारून घ्या.

प्रश्न: माझी काळी लॅब्रॅडॉर, वय १०. मागच्या पायाचं एक बोट महिनाभर सुजलंय, नख वाकडं झालंय. कुठे पडली-लागली नाही. ओळखीच्यांनी फ्रॅक्चर असेल म्हणून चिकटपट्टीने शेजारच्या बोटाला बांधायला सांगितलं. बांधू का?
(नागपूर)

उत्तर: ताई, बांधू नका, दाखवा, आणि लवकर. तरुण कुत्र्याचं बोट मोडलं तर त्याला कारण दिसतं, दारात अडकलं, दगडात फसलं. म्हाताऱ्या कुत्र्याचं बोट काही न लागता सुजतं, नख वाकतं किंवा गळून पडतं, अँटिबायोटिकने थोडं कमी होऊन पुन्हा येतं, तेव्हा गाठीची शंका आधी घ्यायची. बोटाच्या नखाखालचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा नावाचा कॅन्सर मोठ्या, काळ्या कातडीच्या कुत्र्यांमध्ये जास्त दिसतो, काळी लॅब त्यातच येते. एक्स-रेमध्ये टोकाचं हाड खाल्ल्यासारखं दिसलं तर छातीचाही एक्स-रे काढतात आणि मग बहुतेक वेळा ते बोट काढून तपासणीला पाठवतात. जंतूंनीही हाड असंच खाल्लेलं दिसू शकतं, म्हणून तपासणीशिवाय कोणीच छातीठोक सांगू शकत नाही, आत्ताच वाईट धरून बसू नका. एक बोट गेलं तरी कुत्रा नीट चालतो, बाजूचं असेल तर कळतही नाही. नागपूरला व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथे हे सगळं एका छताखाली होईल. महिना झालाय, याच आठवड्यात जा आणि रिपोर्ट आला की मला कळवा.

प्रश्न: आमचा कारवान (शिकारी जातीचा कुत्रा) जोरात पळताना वळला आणि एकदम ओरडून मागचा उजवा पाय उचलला. बाहेरून जखम नाही. घोट्यापाशी सूज आहे. मुरगळला असेल ना?
(एक वाचक, सांगोला, जि. सोलापूर)

उत्तर: मुरगळला असेलही, पण एक्स-रे काढल्याशिवाय तसं समजू नका. रेसच्या ग्रेहाउंडमध्ये हे ठरलेलं दुखणं आहे, ते गोल ट्रॅकवर डावीकडे वळत पळतात आणि वळणावर मागच्या उजव्या पायाच्या घोट्यातलं एक छोटं हाड, सेंट्रल टार्सल, दाबाखाली चिरडतं. कारवान पण त्याच बांध्याचा, लांब पायांचा, वेगाने पळणारा कुत्रा. हे हाड मोडलं असेल तर नुसत्या स्प्लिंटवर बऱ्याचदा भागत नाही, स्क्रू लागतो, आणि जितका उशीर तितका घोटा खाली बसत जातो. तोपर्यंत त्याला साखळीने लहान जागेत ठेवा, शेतात मोकळा सोडू नका, गार पाण्याच्या फडक्याने दहा-दहा मिनिटं शेका. तुम्हाला शिरवळचं व्हेटर्नरी कॉलेज किंवा पुण्यातला हाडांचं काम करणारा एखादा सर्जन बरा पडेल. जोडल्यावरही पहिले काही आठवडे फक्त दोरीला धरून पाच-दहा मिनिटं चालवायचं, मग हळूहळू वाढवायचं, मोकळं पळणं डॉक्टर एक्स-रे बघून हो म्हणतील तेव्हाच.